वाचकांचे प्रश्न : भाड्याने द्यायच्या घराची रंगरंगोटी

एप्रिल-मे हे मराठवाड्यात घरे बदलण्याचे दिवस असतात. नोकरदारांच्या बदल्या, शाळांचे प्रवेश आणि शिकवणी वर्गांच्या नव्या तुकड्या यांमुळे याच काळात भाडेकरू घरे पाहत फिरतात आणि घरमालकांची पत्रेही याच सुमारास आमच्याकडे येतात. त्यांतली पाच या वेळी निवडली आहेत. फार पैसा न घालता घर असे कसे करावे की पाहायला आलेला माणूस ‘घरी विचारून कळवतो’ एवढे बोलून निघून जाणार नाही, असा या सर्व पत्रांचा रोख आहे.

प्रश्न : आमच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर आहे. आतापर्यंत तेथे शिकवणी वर्गाची मुले राहत होती. भिंती तेलाच्या आणि पेनाच्या डागांनी भरल्या आहेत, आणि न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत रंगाचे पोपडे निघाले आहेत. वास्तविक तेथे गेल्याच वर्षी रंग दिला होता. रंगारी संपूर्ण मजल्याला पुट्टी आणि प्लास्टिक रंग सुचवतो. दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक खर्च करण्याची माझी तयारी नाही. काय करावे?
— एक निवृत्त शिक्षिका, लातूर

उत्तर : आपण घातलेली खर्चाची मर्यादा योग्य आहे आणि ती रंगाऱ्याला पहिल्या भेटीतच सांगावी. मात्र पोपडे निघालेल्या भिंतीपुरते रंगाऱ्याचे काम सर्वांत शेवटी येते. वर्षभरात रंग सुटला याचा अर्थ रंग हलका होता असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा भिंतीत ओल असते, आणि ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली तर पुढच्या वर्षी रंगाबरोबर पुट्टीही गळून पडते.

प्रथम एक साधी तपासणी करा. साधारण हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद त्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या भिंतीकडील बाजूस दव धरले तर पाणी भिंतीच्या आतून येत आहे. खोलीकडील बाजूस धरले तर खोलीत हवा खेळत नाही एवढेच समजावे. आपल्या वर्णनावरून पहिला प्रकार असावा. न्हाणीघराच्या भिंतीतला नळ, फरशीच्या सांध्यांतून झिरपणारे पाणी आणि गच्चीवरची टाकी, या तीन ठिकाणी शोध घ्यावा. टाकीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तिच्यातील तरंगता व्हॉल्व बिघडला की मोटर बंद करायला जरा उशीर होताच पाणी टाकीवरून वाहते आणि तिच्या बुडाशी साचून स्लॅबमध्ये मुरते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे गच्चीवर टाकी वाहताना पाहणे तसेही बरे वाटत नाही. हा व्हॉल्व बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो.

पाण्याची वाट बंद झाल्यावर भिंत पुरती वाळू द्यावी. उन्हाळ्यात हे काम लवकर होते आणि त्यासाठी आपल्याकडे मार्च ते मे यांसारखे दुसरे दिवस नाहीत. भिंतीवर जी पांढरी भुकटी दिसते, ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो, ती कोरड्या ब्रशने झाडावी. पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात. गिलावा वाजवून पाहावा, आणि पोकळ आवाज येईल तेवढाच भाग काढून नवा करावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला रंग लावण्यापूर्वी सुमारे चार आठवडे द्यावे लागतात. भाडेकरू जूनमध्ये हवा असेल तर हे काम मे महिन्याच्या मध्यावर काढून उपयोगाचे नाही, हे त्यामुळेच ध्यानात ठेवावे.

उरलेल्या भिंतींना पुट्टीची गरज आहे असे मला वाटत नाही. खिळ्यांची भोके आणि बारीक भेगा पुट्टीने भराव्यात, भिंत पॉलिश पेपरने घासून पुसावी आणि इमल्शनचे दोन हात द्यावेत. प्रमाण सांगायचे तर, १० बाय १२ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. दार-खिडक्यांचे सुमारे ५० वजा केले तर ३९० उरतात. आधी रंग दिलेल्या बऱ्या भिंतीवर दोन हातांसाठी एका लिटरमध्ये साधारण ५० ते ७० चौरस फूट होतात, म्हणजे या खोलीला सहा ते आठ लिटर पुरावेत. रंगाऱ्याने त्याच्या दुप्पट मागणी केली तर ती का, हे त्याला विचारावे. डब्यावर छापलेला अंदाज गुळगुळीत भिंतीचा असतो, त्यामुळे त्याच्यावरही पूर्ण विसंबू नये. छताला साधा पांढरा डिस्टेंपर पुरतो. छताकडे भाडेकरू पाहतो तो तेथे ओलीचे डाग आहेत का एवढेच पाहण्यासाठी.

आता विद्यार्थ्यांविषयी. मुले भिंतीला टेकून वाचतात, त्यामुळे खाटेच्या उशाशी डोक्यातील तेलाचे काळपट डाग पडतात, आणि पेनाने लिहिलेली भौतिकशास्त्राची सूत्रे तर इमल्शनच्या दोन हातांतूनही पुन्हा वर उमटतात. हे भाग आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून त्यांवर ऑइल प्रायमर लावावा. शिवाय जमिनीपासून चार फुटांपर्यंत भिंतीच्याच छटेचा ऑइल पेंट द्यावा, म्हणजे पुढील वर्षी रंगाऐवजी ओले फडके पुरेल. मात्र पोपड्यांच्या भिंतीवर हा पट्टा या वर्षी देऊ नये, कारण ऑइल पेंटखाली उरलेली ओल कोंडली जाते.

वाचलेल्या पैशांतून प्रत्येक खाटेजवळ एक सॉकेट, भिंतीत एक लाकडी फळी, खिडक्यांना डासांची जाळी आणि प्रत्येक खोलीत २० वॉटची एलईडी ट्यूब, एवढे करून घ्यावे. मुलाबरोबर खोली पाहायला आई-वडील येतात. अभ्यासाला उजेड किती आहे, डास आहेत का आणि पाणी कोणत्या वेळी येते, हे त्यांचे ठरलेले प्रश्न असतात. भिंत प्लास्टिक रंगाची आहे की कसली, हे त्यांपैकी फारसे कोणी विचारत नाही.

प्रश्न : सिडकोतील माझे जुने घर भाड्याने द्यायचे आहे. मोझॅकची फरशी काळवंडली आहे, न्हाणीघरातील टाइल आणि नळांवर पांढरे थर बसले आहेत, आणि स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा निस्तेज दिसतो. मागील अंगणात शहाबादी फरशी आहे. दलाल म्हणतो की, सर्वत्र नवी टाइल बसवल्याशिवाय चांगले कुटुंब येणार नाही. ॲसिडने घासून पाहावे का?
— एक बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दलालाचे ऐकू नये, आणि ॲसिडची बाटली तर फरशीच्या जवळपासही नेऊ नये. मोझॅकच्या लादीत सिमेंट आणि संगमरवराची खडी असते. शेजारच्या कर्नाटकातून येणारा शहाबादी दगड आणि आंध्रातून येणारा कडप्पा हे दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. ॲसिड पडताच त्यांवर फेस येतो तो मळ निघत असल्यामुळे येत नाही, तर दगडच विरघळत असल्यामुळे येतो. घासल्यावर फरशी दोन दिवस उजळ वाटते, पण तिची चकाकी कायमची जाते आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर मळ पूर्वीपेक्षा लवकर धरतो. लिंबू आणि व्हिनेगर हीही आम्लेच आहेत, त्यामुळे कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची साल घासण्याची घरगुती युक्तीसुद्धा टाळावी.

मोझॅकसाठी यंत्राचे पॉलिश हाच खरा उपाय आहे. जाड दगडापासून क्रमाक्रमाने बारीक दगडापर्यंत घासत गेल्यास ३०-४० वर्षांची लादीही पुन्हा नव्यासारखी दिसते, आणि त्याचा खर्च जुनी फरशी फोडून, राडारोडा उचलून नवी बसवण्याच्या तुलनेत पुष्कळ कमी येतो. त्यापूर्वी भेगा आणि सांधे त्याच छटेच्या सिमेंटने भरून घ्यावेत. येथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. पॉलिश करताना पांढरट चिखल भिंतींवर हातभर उंच उडतो, म्हणून पॉलिश आधी आणि भिंतीचा शेवटचा हात नंतर. दोन्ही कारागीर एकाच आठवड्यात बोलावून मोकळे व्हावे असे वाटते, आणि मग रंगवलेल्या भिंतीचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. कडप्प्याचा ओटाही त्याच कारागिराकडून हातयंत्राने घासून घ्यावा. अंगणातील शहाबादीला मात्र पॉलिशची गरज नाही. साबण, कडक ब्रश आणि सांध्यांत सिमेंट एवढ्यावर ती नीट दिसते.

नळांवरचे आणि टाइलवरचे थर हे बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचे आहेत. चकचकीत टाइल चिनी मातीच्या असल्यामुळे त्यांना लिंबूसत्व चालते. कोमट पाण्यात लिंबूसत्वाची भुकटी विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावे आणि नंतर नायलॉनच्या ब्रशने घासून धुऊन टाकावे. शॉवरची चाळणी काढून त्याच पाण्यात बुडवून ठेवावी. एक सूचना गांभीर्याने घ्यावी : संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत, त्यातून क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. टाइलचे सांधे काळे पडले असतील तर खरवडून नवे ग्राउट भरावे. न्हाणीघराचा जुनाट दिसण्याचा दोष बहुतेक वेळा टाइलचा नसून या सांध्यांचा असतो.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आपल्या शहराला जायकवाडीचे पाणी मिळत असले तरी ते रोज येत नाही, आणि घर पाहायला आलेले कुटुंब फरशी पाहून झाली की टाकी किती लिटरची आहे हे विचारते. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण धरले तर चार माणसांना ५४० लिटर लागतात, म्हणजे एक हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. नव्या टाइलसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून आणखी एक टाकी बसवावी आणि जुनी टाकी आतून घासून तिला नीट बसणारे झाकण करून घ्यावे. सजावटीच्या स्तंभात टाकीचा सल्ला विचित्र वाटेल, परंतु भाडेकरूच्या डोळ्यांना या शहरात टाकीइतके देखणे दुसरे काही दिसत नसावे.

प्रश्न : अंबाजोगाईत आमचा जुना माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा आहे. मुले पुण्यात असतात. पुढच्या दोन खोल्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थिनी किंवा परिचारिका यांना द्याव्यात असा विचार आहे. भिंती दगड-मातीच्या असून पांढऱ्या मातीचा थर सुटत असतो. एका कारागिराने भिंतींना पीव्हीसीचे पॅनल आणि खाली फॉल्स सीलिंग सुचवले आहे.
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पॅनलमुळे खोली एका दिवसात चकचकीत दिसेल हे खरे आहे, पण त्यामागे ओल, वाळवी आणि भेगा यांची निर्वेध सोय होते. दगड-मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर प्लास्टिकचा पडदा किंवा प्लास्टिक रंग चढवला की ही देवाणघेवाण थांबते आणि आतील माती भुसभुशीत होते. अशा भिंतीला चुनाच योग्य आहे. चुनकळी मोठ्या भांड्यात पाणी घालून विझवावी (ती उसळते, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळे सांभाळावेत), एक-दोन दिवस मुरू द्यावी, फडक्याने गाळावी, थोडा डिंक आणि किंचित नीळ घालावी आणि पातळ असे तीन हात द्यावेत. जाड हात दिला तर चुना हाताला लागतो आणि भाडेकरूच्या कपड्यांना त्याचे ठसे बसतात. खाटेच्या मागे हातमागाची चटई किंवा जाड कापड टांगले की तेवढा प्रश्नही उरत नाही.

छताच्या बाबतीत मात्र सौंदर्याचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जी माणसे गेली, त्यांपैकी फार मोठी संख्या दगड-मातीच्या भिंती आणि मातीचे जड छत अंगावर कोसळल्यामुळे गेली. माळवद गळते म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा आणखी एक थर टाकण्याची जुनी पद्धत आहे, आणि त्यामुळे छताचे ओझे वाढत जाते. तेव्हा तुळयांची टोके भिंतीत कुजली आहेत का, भिंतीला फुगवटा आला आहे का आणि कोपऱ्यांत उभ्या भेगा आहेत का, हे एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून पाहून घेतल्याशिवाय त्या खोल्यांत कोणालाही राहायला देऊ नये. फॉल्स सीलिंग लावले की हे सर्व दृष्टीआड होते, म्हणून माझा त्याला ठाम विरोध आहे. तुळया सुस्थितीत असतील तर त्या पुसून, वाळवीचे औषध लावून, जवसाच्या तेलाचा हात देऊन उघड्याच ठेवाव्यात. जुने कोनाडे बुजवण्याची घाई करू नये. त्यांत एक फळी बसवली की पुस्तकांची सोय होते. दारांना आतून भक्कम कडी आणि न्हाणीघराच्या वाटेवर दिवा, या दोन गोष्टी मुली राहणार असतील तर चुन्याच्याही आधी कराव्यात.

प्रश्न : आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. घर सर्वांना आवडते, पण मे महिन्यात दुपारी पाहायला आलेले लोक उकाड्यामुळे परत जातात. एसी बसवणे परवडणारे नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : लोकांना सकाळी आठ वाजता बोलवावे, हा सल्ला मी देणार नाही, ते राहायला आल्यावर दुपार होणारच आहे. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून तिला उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत. तेवढा खर्चही नको असेल तर चुन्याचा हात द्यावा. तो पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी किंवा बांबूची चटई लावावी. आतला पडदा ऊन घरात आल्यावर त्याला अडवतो, त्यामुळे त्याचा उपयोग निम्माही होत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे कूलर उत्तम चालतो आणि बहुतेक कुटुंबांकडे तो स्वतःचा असतो. त्यांना हवी असते ती ठेवायला जागा. खिडकीबाहेर लोखंडी अँगलचा स्टँड, जवळ पाण्याची तोटी आणि आतून बंद-चालू करता येणारे अर्थिंगसह सॉकेट, एवढे तयार ठेवावे. पाणी आणि वीज शेजारी येत असल्यामुळे मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे मी अनिवार्य मानतो. समोरच्या बाजूची एखादी खिडकी उघडी राहील अशीही व्यवस्था हवी, कारण कोंडलेल्या खोलीत कूलर गारव्याऐवजी चिकचिक वाढवतो.

प्रश्न : रंगकामावर केलेला खर्च इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो का? भाडेकरूने भिंती खराब केल्यास अनामत रकमेतून पैसे कापता येतात का?
— एक व्यापारी, परभणी

उत्तर : घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला नगरपालिकेचा कर वजा जाता, दुरुस्ती आणि देखभालीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. आपण रंगावर एक रुपया खर्च केला असो वा लाखभर, ही वजावट तेवढीच राहते. रंगाऱ्याची पावती वेगळी दाखवता येत नाही.

अनामत रकमेबाबत सर्व काही करारावर अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून रंग दिल्यावर प्रत्येक भिंतीचे तारखेसह छायाचित्र काढून ते कराराला जोडावे आणि कशाचे पैसे कापले जातील हे स्पष्ट लिहावे. वापराने मळलेली भिंत आणि फोडलेली भिंत यांत फरक आहे. पहिलीचा खर्च मालकाने सोसावा, असे माझे मत आहे. ‘खिळे ठोकू नयेत’ ही अट घालण्यापूर्वी कॅलेंडर, घड्याळ, पडदे आणि देवाच्या तसबिरीसाठी हूक आणि दांड्या आपणच बसवून द्याव्यात, नाहीतर ती अट कोणीही पाळणार नाही. काम संपल्यावर उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावा, त्यावर कंपनीचे नाव, छटेचा क्रमांक आणि खोलीचे नाव लिहावे, आणि हाच क्रमांक कराराच्या आपल्या प्रतीवरही टिपून ठेवावा. पुढे हातभर भिंत खराब झाली तर तेवढीच रंगवून भागते.